मुलं होऊ दिली नाहीत म्हणून शेकर संपले, हे खरं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. आधी शाळेच्या, मग सोसायटीच्या आणि शेवटी घरच्या. घरच्या ग्रुपवर तो काकांनी टाकला होता. मी तिथेच चार ओळींत लिहिलं की काका, यातलं बरंचसं चुकीचं आहे. काकांचा अंगठा आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मजकूर पुन्हा, या वेळी सूर्योदयाच्या चित्रासकट. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेत शेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ होता. एका वेड्या बाईने तो काढला. तिने लग्नावर बंदी घातली, मुलंच होईनात, म्हणून पंथ नामशेष झाला. त्यांच्यात हसणं-गाणं पाप होतं. ते यंत्रांना हात लावत नसत. जगाशी संबंध तोडून राहत. बायकांना जन्मभर चुलीपाशी कोंडत. लोकांची मुलं फूस लावून आणत. आणि तरीही गोल करवत, कपड्यांचा चिमटा अशा कितीतरी गोष्टींचे शोध त्यांनीच लावले! आज जगात एकही शेकर उरलेला नाही. निसर्गाच्या विरोधात जाणाऱ्यांचं असंच होतं. खाली दोन हात जोडलेले.

यंत्राला हात न लावता करवतीचा शोध कसा लावतात, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलेलं नाही. असो.

सोबतच्या फोटोत काळी टोपी, दाढी आणि घोडागाडी आहे. ते अमिश, वेगळ्याच एका ख्रिस्ती पंथाचे लोक. अमिश आणि शेकर यांच्यात साधे कपडे आणि शांततावाद एवढंच काय ते सारखं. अमिश लग्न करतात, त्यांच्या घरात सहा-सात मुलं सहज असतात, आणि आज ते लाखांच्या संख्येत आहेत. गाडी, वीज यांपासून लांब राहतात ते हे. शेकरांच्या अंगावर पडलेले निम्मे आरोप या एका फोटोतून आलेले असावेत.

आता बाईंकडे वळू. ॲन ली मँचेस्टरच्या एका लोहाराची मुलगी, जन्म १७३६ चा. शाळा नाही, लहानपणापासून कापडगिरणीतलं काम. १७५८ मध्ये ती वॉर्डली नावाच्या दांपत्याच्या छोट्या प्रार्थना-मंडळात गेली. ही मंडळी प्रार्थना करताना थरथरत, घुमत, ओरडत, म्हणून लोक चेष्टेने त्यांना थरथरणारे (शेकिंग) क्वेकर म्हणत. क्वेकर हा इंग्लंडमधला आधीचा एक ख्रिस्ती पंथ. शेकर हे नाव तिथलं. १७६२ मध्ये लग्न झालं, नवराही लोहारच. चार मुलं झाली आणि चारही लहानपणीच गेली. पुढे उपासनेच्या भानगडीवरून तुरुंगवास घडला, आणि १७७० च्या सुमारास तिथे तिला दर्शन झालं की माणसाच्या पतनाचं मूळ कामवासनेत आहे. चार मुलं पुरलेल्या आईचं दुःख या दर्शनात मिसळलेलं नसेल, असं मी म्हणणार नाही. पण ‘वेडी’ म्हणून हात झटकले की पुढचं काहीच कळत नाही. १७७४ मध्ये ती आठ माणसांना घेऊन न्यूयॉर्कला उतरली. नवराही त्यांत होता, तो लवकरच सोडून गेला. आल्बनीजवळ निस्कायुना इथे दलदलीच्या जागेत त्यांनी वस्ती केली. १७८४ मध्ये ती वारलीसुद्धा. म्हणजे अमेरिकेत तिला मिळाली जेमतेम दहा वर्षं.

आपण ज्याला शेकर जीवन म्हणतो ते जवळजवळ सगळं तिच्यानंतरचं आहे. सामाईक मालमत्ता, मोठे वाडे, घंटेवर चालणारा दिवस, भिंतीभर खुंट्या, हे सगळं १७८७ पासून जोसेफ मीचम आणि लूसी राइट या दोघांनी बसवलं. भक्तीच्या लाटेला पाटाचं पाणी केलं ते यांनी. लूसी राइट तर १७९६ पासून १८२१ पर्यंत अख्ख्या पंथाची प्रमुख होती. फॉरवर्डात तिचं नावही नाही.

हसणं-गाणं पाप असल्याचा समज पसरवण्यात चार्ल्स डिकन्सचा हात मोठा आहे. १८४२ च्या अमेरिका दौऱ्यात तो न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू लेबननच्या शेकर वस्तीत गेला आणि नंतर त्याने लिहिलं की खोली भकास, भकास खुंट्यांवर भकास टोप्या टांगलेल्या, आणि भकास घड्याळ भकासपणे वेळ सांगतंय. वाचायला मजा येते. पण तेव्हा तिथली रविवारची उपासना बाहेरच्यांना बंद होती. ज्या गोष्टीसाठी लोक लांबून गाड्या जोडून येत, ती त्याने पाहिलीच नाही. गणपतीत पुण्याला यावं, मांडवाचे पडदे ओढलेले असावेत, आणि पाहुण्याने घरी जाऊन शहराचं वर्णन लिहावं, तसलं हे.

ती गोष्ट म्हणजे नाच. सभागृह असं बांधत की मधे एकही खांब येऊ नये. बाकं सारून ठेवायची, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मग ओळी, वर्तुळं, वर्तुळात वर्तुळं, टाळ्या, पायांचा ठेका. भिंतीलगत पाहुण्यांची जागा. वारीत पावली खेळणाऱ्याला आपण उदास म्हणत नाही, मग यांनाच का? गाणी त्यांनी हजारोंनी रचली आणि ती उतरवून ठेवायला इंग्रजी अक्षरांची स्वतःची स्वरलिपी बनवली. १८४८ मध्ये मेन राज्यातल्या जोसेफ ब्रॅकेट या एल्डरने (म्हणजे पंथातल्या प्रमुखाने) रचलेलं एक चिमुकलं नाचगाणं एरन कोपलंड या अमेरिकी संगीतकाराने १९४४ च्या बॅले-संगीतात घेतलं. आता ते अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही येतं, शेकर कोण हे माहीत नसताना.

मात्र दिवस कडक होता, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात साडेचारला घंटा. उठून गुडघे टेकायचे, अंथरूण झटकून खुर्चीवर वाळत टाकायचं, न्याहारीच्या आधी दीड तास काम. जेवण पूर्ण मौनात, पुरुषांची टेबलं वेगळी, बायकांची वेगळी, आणि ताटात वाढून घेतलेलं टाकायचं नाही. १८४५ च्या नियमावलीत तर जिना चढताना आधी उजवा पाय टाकावा इथपर्यंत मजल गेली होती. (नियम इतके बारीक लिहायची वेळ येते, तेव्हा बरेच लोक डावा पाय टाकत असणार, हे कुठल्याही वसतिगृहात राहिलेल्या माणसाला कळेल.) पण याच लोकांनी १७९३ पासून आठवड्यातल्या काही संध्याकाळी फक्त गप्पांसाठी राखून ठेवल्या होत्या. एका खोलीत समोरासमोर दोन रांगा, मधे चार-पाच फुटांचं अंतर, एका रांगेत भाऊ, दुसरीत बहिणी (पंथातल्या पुरुषांना आणि बायकांना ते असंच म्हणत), आणि तासभर बोलणं-हसणं-गाणं. लग्न नाही म्हणजे बोलणंही नाही, असं त्यांना परवडणारं नव्हतं. एका वाड्यात साठ-सत्तर स्त्री-पुरुष राहत होते. त्यांना एकमेकांची माणसं म्हणून ओळख नसती तर वाडा चालला नसता.

रंगांचं पण सांगते. आज शेकर म्हटलं की पांढरी भिंत आणि फिकं लाकूड डोळ्यांपुढे येतं. ते विसाव्या शतकातल्या संग्राहकांनी आणि फर्निचरच्या दुकानांनी आपल्या डोळ्यांत भरलेलं आहे. त्यांच्या सभागृहांचं आतलं लाकूड गडद निळं असे. कपाटं पिवळी, लाल, जमीन गेरूच्या छटेची. मी मॅसॅच्युसेट्समधलं हॅनकॉकचं शेकर गाव पाहायला गेले तेव्हा माझ्या डोक्यातही मठाची कळकट खोली होती. आत पाऊल टाकलं आणि हळदीसारखं पिवळं लाकूड समोर आलं.

यंत्रांबद्दलचा दावा सगळ्यात उलटा. त्याच हॅनकॉकला १८२६ मध्ये बांधलेला दगडी गोल गोठा आहे. मुद्दाम सांगण्यासारखी त्याची रचना आहे. गवताची गाडी उतारावरून वरच्या मजल्यावर जाते, कडेकडेने गोल फिरत मधल्या विहिरीसारख्या जागेत गवत टाकते आणि मागे न वळता त्याच दाराने बाहेर येते. खालच्या मजल्यावर गाई मधल्या गंजीकडे तोंड करून उभ्या, म्हणजे वैरण टाकायला माणसाला फार चालावं लागत नाही. शेण खालच्या तळघरात पडतं आणि तिथून थेट शेतात. गाईला नमस्कार करणारी आपली माणसं हा गोठा पाहताना गप्प होतात, आधी सौंदर्याने आणि मग हिशोबाने.

न्यू हॅम्पशरमधल्या कँटरबरीच्या शेकरांचं कपडे धुण्याचं यंत्र १८५८ मध्ये पेटंट झालं. हॉटेलं ते विकत घेत, आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. त्याच साली त्याच वस्तीतल्या एमलीन हार्ट या बहिणीने फिरत्या फळ्यांच्या भट्टीचं पेटंट घेतलं. वाकून, हात भाजून आतला पाव काढायच्या ऐवजी फळी फिरवून पाव आपल्याकडे आणायचा. अशी भट्टी रोज शंभर माणसांना रांधणारी बाईच काढू शकते. १९१० मध्ये कँटरबरीत स्वतःचं वीजघर उभं राहिलं. तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांकडे रॉकेलचे दिवे होते.

यामागचं धर्मशास्त्रही सोपं होतं. काम हीच उपासना असेल तर काम नीट झालं पाहिजे, आणि वाचलेला वेळ देवाचा. ‘हात कामाला, हृदय देवाला’ हे वाक्य ॲन लीचं म्हणून सांगतात. आपल्याकडच्या ‘हाती काम, मुखी नाम’ची आठवण कुणाला होणार नाही? फक्त शेकरांनी त्यातल्या ‘हाती काम’चा जरा जास्तच पाठपुरावा केला.

पण म्हणून शोधांची यादी डोळे मिटून मान्य करायची असंही नाही. गोल करवतीची गोष्ट अशी सांगतात. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड वस्तीतली टॅबिथा बॅबिट सूत कातत बसली होती. समोर दोन भाऊ लांब करवतीने ओंडका कापत होते. करवत एकाच दिशेने कापते आणि परतीची ओढ वाया जाते, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने चरख्याला दातेरी पत्र्याची चकती लावली. साल १८१३. गोष्ट इतकी सुबक आहे की खरी वाटते. अडचण एवढीच की इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर याने गोल करवतीचं पेटंट १७७७ मध्येच घेतलं होतं. बॅबिटने ती स्वतंत्रपणे बनवली असेल, नाकारायचं कारण नाही, पण ‘शोध शेकरांचा’ हे टिकत नाही. कपड्यांच्या चिमट्याचंही तसंच. लाकडी चिमटे ते बनवत आणि विकत, ‘पहिले’ म्हणायला पुरावा नाही.

चपट्या झाडूचं श्रेय मात्र त्यांना देतात, आणि ही माझी आवडती गोष्ट. आधी झाडू म्हणजे काठीला गोल बांधलेली जुडी. १७९८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलीट वस्तीच्या थिओडोर बेट्सने ती शिकंजात दाबून चपटी केली आणि दोऱ्याने शिवली. एका फटकाऱ्यात रुंद पट्टा साफ. त्या झाडूसाठी जे पीक लावतात ते ज्वारीचीच एक जात आहे, दाण्यासाठी नव्हे, लांब तुऱ्यांसाठी. ॲन लीच्या शिकवणीत स्वच्छतेला फार जागा होती. त्यामुळे शेकरांनी झाडू सुधारला याचं मला नवल वाटत नाही. खुंट्यांचंही तेच. खुर्च्या भिंतीवर उलट्या टांगल्या की खालची जमीन झाडायला मोकळी आणि बैठकीवर धूळ बसत नाही.

‘जगाशी संबंध तोडून राहत’ हे वाचून मला हसू आलं, कारण जगाला बी विकणारे हेच. अमेरिकेत घरगुती बागेसाठी बी छोट्या कागदी पुड्यांत घालून विकण्याची पद्धत रुजवली ती शेकरांनी. लाकडी खोक्यांत पुड्या लावून त्यांचे भाऊ वसंतात गाड्या घेऊन गावोगाव दुकानांत ठेवून येत आणि हंगामानंतर हिशोब करायला परत जात. १८१९ मध्ये त्यांच्या काही वस्त्यांनी मिळून करार केला की दुसरीकडून विकत घेतलेलं बी आपल्या पुडीत मिसळायचं नाही. पुडीवर शेकर लिहिलं की गिऱ्हाईक डोळे मिटून घेई, ते या करारामुळे. औषधी वनस्पती, खुर्च्या, झाडू, सगळं बाहेर जाई आणि पैसा आत येई. ते बाहेरच्यांना ‘जगाचे लोक’ म्हणत, हे खरं. पण दुकान त्यांच्याशीच.

राजकारणही त्यांना चुकलं नाही. यादवी युद्धात सक्तीची भरती आली तेव्हा १८६३ मध्ये त्यांचा एल्डर फ्रेडरिक इव्हान्स वॉशिंग्टनला जाऊन लिंकनला भेटला. आमच्यातल्या जुन्या सैनिकांनी पंथात आल्यावर सरकारी पेन्शन घेतलेलंच नाही, तो पैसा सरकारकडे वाचला आहे, असा त्याचा हिशोब होता. शेकरांना लढायला जावं लागलं नाही. केंटकीतल्या प्लेझंट हिलच्या वस्तीने १८६२ मध्ये पेरीव्हिलच्या लढाईच्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांना जेवू घातलं. जगापासून तुटलेल्या लोकांच्या दारात दोन दोन सैन्यं जेवायला येत नाहीत.

बायकांना चुलीपाशी कोंडण्याबद्दल. प्रत्येक फॅमिलीवर (एका वाड्यातल्या माणसांना त्यांचाच शब्द, रक्ताच्या नात्याशी संबंध नाही) दोन एल्डर पुरुष आणि दोन एल्ड्रेस स्त्रिया, तीच रचना खालच्या कारभारातही. देव पिता आहे तसा माताही आहे, या त्यांच्या श्रद्धेतून ही जोडी आली. त्या काळात बाहेरच्या अमेरिकेत लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची होई. शेकर वाड्यात शिरलेली बाई पुरुषासारखाच करार करी आणि तिचं म्हातारपण वाड्याने सांभाळलं जाई. रिबेका कॉक्स जॅक्सन ही कृष्णवर्णीय प्रवचनकार एल्ड्रेस झाली आणि तिने फिलाडेल्फियात, भर शहरात, मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांची शेकर फॅमिली उभी केली. हे सगळं १८५० च्या दशकातलं आहे, तिथल्या दक्षिणेत माणसं विकली जात होती तेव्हाचं.

पण काही लोक या फॉरवर्डच्या उलट टोकाला जाऊन ‘जगातले पहिले स्त्रीवादी’ वगैरे लिहितात, तेही नको. स्वयंपाक, धुणं, विणकाम, शिवण बायकांकडे होतं. शेत, सुतारकाम, लोहारकाम पुरुषांकडे. प्रत्येक बहिणीकडे एका भावाचे कपडे नीट ठेवण्याची जबाबदारी असे. लग्न रद्द, मालमत्ता रद्द, एवढी उलथापालथ करून फाटका मोजा शेवटी बाईनेच रफू करायचा! फरक एवढाच की स्वयंपाकघराची पाळी फिरत असे. काही आठवडे रांधायचं, मग धुण्याकडे, मग मागाकडे. आपल्या एकत्र कुटुंबात जन्मभर एकाच ओट्यापाशी उभं राहिलेल्या बायकांना ही पाळी काय वाटली असती, कोण जाणे.

मुलांच्या बाबतीत फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही. न्यूयॉर्क राज्यात जेम्स चॅपमन नावाचा माणूस १८१४ मध्ये आपली तीन मुलं आईला न सांगता घेऊन वॉटरव्हलीटच्या शेकरांत गेला. आई युनिस गप्प बसली नाही. तिने पत्रकं छापली, आमदारांच्या दारात बसली, आणि १८१८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने फक्त तिच्यासाठी कायदा करून तिला घटस्फोट दिला. मुलं नंतर तिला मिळाली. या प्रकरणात शेकरांनी बापाची बाजू घेतली, आणि त्यांची बाजू मांडायची मला इच्छा नाही.

पण बहुतेक मुलं अशी आली नाहीत. विधवा आई, दारुडा बाप, आईबाप दोघंही गेलेले, म्हणून नातेवाइकांनी कागद करून ती सोपवली. खायला-ल्यायला मिळे, शाळा मिळे (मुलग्यांची हिवाळ्यात, मुलींची उन्हाळ्यात, शेतीच्या कामाप्रमाणे), एखादं कसब हातात बसे. एकविसाव्या वर्षी विचारत, राहणार की जाणार? बहुसंख्य गेले. अगदी मोठ्या संख्येने गेले. ‘फूस लावून’ आणलेल्यांसाठी दार इतकं सताड उघडं कुणी ठेवत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावर तो हात जोडलेला उपदेश उभा आहे. ब्रह्मचर्यामुळे पंथ संपला.

साधा हिशोब करा. ब्रह्मचर्य पहिल्या दिवसापासून होतं. १७७४ मध्ये नऊ माणसं होती. १८४० च्या सुमारास मेनपासून केंटकीपर्यंत सुमारे दीड डझन वस्त्यांत चार ते पाच हजार. या काळात पंथात एकही मूल जन्माला घातलं गेलं नव्हतं. म्हणजे ज्या नियमाने मारलं म्हणता, त्याच नियमासकट ते साठ-सत्तर वर्षं वाढत होते. १८०५ मध्ये तीन जण पायी निघून पश्चिमेकडच्या भक्तीच्या लाटेत शिरले आणि ओहायो-केंटकीत नव्या वस्त्या झाल्या. माणसं बाहेरून येत होती. मठ, संघ, संन्यासी परंपरा जगभर अशाच चालतात. महानुभावांतल्या संन्याशांनाही हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता अमेरिकेतल्याच सामाईक जीवनाच्या ज्या दुसऱ्या वसाहतींत लग्नाला बंदी नव्हती, त्यांच्याकडे पाहा. रॉबर्ट ओवेनची न्यू हार्मनी १८२५ ला सुरू, १८२७ ला मोडली. ब्रूक फार्म १८४१ ते १८४७. ओनायडात तर सगळ्यांचं सगळ्यांशी लग्न होतं, मुलंही ठरवून जन्माला घातली, आणि १८८१ मध्ये सामाईक मालमत्तेची कंपनी करून भागधारक झाले. पुढे चमचे-काटे विकत बसले. आयोवातल्या अमाना वसाहतींत लग्न होतं, मुलं होती, सात गावं आणि पन्नासहून जास्त सामाईक स्वयंपाकघरं होती. १९३२ मध्ये त्यांनीही सामाईक जीवन मतदानाने संपवलं. मुलं जन्मली तरी मुलांना आजोबांची पंगत नको झाली होती. या सगळ्यांपेक्षा शेकर जास्त टिकले.

मग घटले कशाने? माणसं येणं थांबलं आणि आलेली राहिनात. यादवी युद्धानंतर कारखान्यातली खुर्ची आणि कारखान्यातलं कापड शेकर मालापेक्षा स्वस्त झालं. रंगीत सूचिपत्रं छापणाऱ्या बियाण्यांच्या कंपन्यांनी त्यांची पुडी मागे टाकली, आणि दक्षिणेतलं गिऱ्हाईक युद्धातच गेलं होतं. तरुण पुरुषाला शहरात रोख पगार मिळू लागला. लोहार आणि सुतार आधी गेले. मग शेतावर बाहेरचे मजूर लावावे लागले, म्हणजे ज्या पंथाचं काम हीच उपासना होती, त्याची उपासना रोजंदारीवर होऊ लागली. अनाथ मुलांसाठी सरकारी आणि चर्चची वसतिगृहं झाली, तो ओघही आटला. बायकांना बाहेर संधी कमी होत्या म्हणून त्या जास्त काळ राहिल्या. १९०० च्या सुमारास हजाराच्या आत माणसं होती, त्यात बहुसंख्य बहिणी, आणि त्या झगे, पिनकुशन, डबे विकून वस्त्या चालवत होत्या.

ब्रह्मचर्याचा काहीच भाग नव्हता असं म्हणत नाही. हार्मनी सोसायटी नावाच्या एका जर्मन पंथाने १८०७ मध्ये ब्रह्मचर्य घेतलं, नवीन माणसं फारशी घेतली नाहीत, आणि १९०५ मध्ये शेवटच्या उरलेल्यांनी संस्था विसर्जित केली. दार बंद असेल तर ब्रह्मचारी पंथ शेवटच्या माणसाबरोबर संपतो, हे उघडच आहे. शेकरांनीही १९६० च्या दशकात तेच केलं. कँटरबरीतल्या वृद्ध प्रमुखांनी नवे सदस्य घेणं बंद केलं. मेनमधल्या सॅबथडे लेकच्या लोकांना ते पटलं नाही आणि त्यांनी दार उघडंच ठेवलं. कँटरबरीतली शेवटची बहीण १९९२ मध्ये वारली. सॅबथडे लेक चालू राहिलं.

म्हणून ‘एकही उरलेला नाही’ हेही चूक. तिथलं १७९४ चं सभागृह उभं आहे, तिथले शेकर आजही प्रार्थनेला बसतात, आणि त्यांच्या औषधी पानांचे, मसाल्यांचे डबे विकत मिळतात. सिस्टर फ्रान्सेस कार १९३७ मध्ये दहा वर्षांची असताना तिथे आली, वडील वारल्यावर आईने सोपवलेली. एकविसाव्या वर्षी तिलाही विचारलं गेलं. ती राहिली, आणि जानेवारी २०१७ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी तिथेच वारली. तिच्यामागे दोन जण होते. ते तिच्या पोटचे नव्हते. बाहेरून आलेलेच होते.

काका, हे सगळं ग्रुपवर टाकत नाही, लांबलंय. पण पुढच्या वेळी फॉरवर्ड कराल तेव्हा निदान तो घोडागाडीचा फोटो काढा.